सोडवणार नाही म्हणाले होते, मारणार नाही असं कुठे म्हणाले!

डोकं शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. २०१८चा मार्च गेला, एप्रिल गेला, डोकं काही शांत होत नाहीये. तर तसंच लिहिते.

अविवा या विमा कंपनीच्या प्रेफरन्स शेअरचं प्रकरण इथल्या मराठी मंडळींपैकी किती जणांच्या कानावर गेलंय कुणास ठाऊक. आपण इंग्लंडात येऊन काय करतो? घर घेतो, मग दुसरं घर घेतो, उरलंच तर पुण्यात तिसरं. शेअर म्हटलं की जुगार. पण माझ्या आईचं सांगलीच्या पोस्टात जे मंथली इन्कमचं खातं होतं ना, इथल्या म्हाताऱ्यांसाठी प्रेफरन्स शेअर म्हणजे साधारण तेच. ठरलेला लाभांश, वर्षातून दोनदा, कंपनीला फायदा कमी होवो की जास्त. साध्या शेअरवाल्याच्या आधी तुमचं पान वाढायचं. त्याबदल्यात मुद्दल परत मागायचं नाही आणि कंपनीच्या भरभराटीत वाटा मागायचा नाही. सरळ व्यवहार.

अविवाचे दोन, ८.७५ आणि ८.३७५ टक्क्यांचे, आणि तिच्याच पोटातल्या जनरल अ‍ॅक्सिडेंट या कंपनीचे दोन. तेव्हा सगळे मिळून ४५ कोटी पौंडांचे होते. आणि त्यांच्या नावातच लिहिलेलं, 'इर्रिडीमेबल'. म्हणजे कंपनी पैसे परत करून ते कधीही सोडवून घेणार नाही. बँक ऑफ इंग्लंडचा दर अर्ध्या टक्क्यावर असताना पावणेनऊ टक्के कायमचे मिळणार म्हटल्यावर लोक एका पौंडाच्या शेअरला दीड पौंडाच्या वर मोजत होते. दीड पौंडाला घेतला तरी पावणेसहा टक्क्यांच्या वर पडतात. यात हावरटपणा कुठे आहे?

आणि ८ मार्च २०१८ ला कंपनी निकाल जाहीर करताना म्हणते, आम्ही हे शेअर रद्द करू शकतो बरं का. दर्शनी किमतीला. म्हणजे दीड पौंडाच्या जागी एक पौंड घ्या आणि चालू लागा.

अहो पण इर्रिडीमेबल? तर म्हणे, बरोबर आहे, सोडवून घेणार नाहीच. रद्द करणार. भांडवल कमी करायचा ठराव करू, कोर्टाची मंजुरी घेऊ, कायद्यात बसतं. म्हणजे घरमालकाने लिहून द्यायचं की तुम्हाला कधीही घराबाहेर काढणार नाही, आणि मग घरच पाडायचं. पाडणार नाही असं कुठे लिहिलं होतं!

सगळ्यात संताप याचा येतो की कायद्याच्या दृष्टीने त्यांचं अगदीच चूक नव्हतं. १९४९ सालचा स्कॉटलंडच्या एका कोळसा कंपनीचा निकाल आहे, खाणी सरकारजमा झाल्यावर प्रेफरन्सवाल्यांचे पैसे दर्शनी किमतीला परत करून त्यांना मोकळं केलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते चालवून घेतलं. म्हणजे वकिलांना ही वाट सत्तर वर्षं माहीत होती. मग शेअर विकताना पहिल्या पानावर ठळक अक्षरांत का नाही सांगितलंत? इतकी वर्षं लोक तुमच्या डोळ्यांदेखत दीड-पावणेदोन पौंड मोजत होते तेव्हा कोणी घसा खाकरला का?

मतदानाचं म्हणाल तर हसावं की रडावं कळत नाही. त्या ठरावाला पंचाहत्तर टक्के मतं लागतात म्हणे. पण तेव्हा अविवाचे साधे शेअर ४०० कोटींच्या आसपास होते, आणि प्रेफरन्स २० कोटी. आणि साध्या शेअरवाल्यांना मत द्यायची मुभा. ज्यांच्या ताटातलं काढायचं ते मूठभर, ज्यांच्या ताटात पडणार ते अख्खी पंगत, आणि म्हणे हात वर करा! जनरल अ‍ॅक्सिडेंटमध्ये तर साधे शेअर सगळे अविवाच्याच खिशात.

बरं, कंपनी खड्ड्यात होती का? तर नाही. आदल्या वर्षीचा कामकाजाचा नफा ३१० कोटी पौंड. २०१८ मध्ये २०० कोटी कुठे घालायचे याचा विचार चाललेला. या प्रेफरन्स शेअरांच्या लाभांशाचा बोजा किती, तर माझ्या हिशेबाने वर्षाला ३ कोटी ८० लाख. तेवढ्यासाठी पेन्शनरांच्या ताटात हात! हे शेअर २०२६ नंतर नियामक भांडवलात, म्हणजे विमा कंपनीने नियमाप्रमाणे राखून ठेवायच्या पैशात, धरले जाणार नाहीत, हे त्यांचं कारण होतं. तो तुमचा आणि नियमांचा प्रश्न. आमच्या गळ्यात कशाला?

भाव एका झटक्यात साधारण चौथ्या हिश्श्याने घसरले. आणि घाबरट वाऱ्याने दुसऱ्या कंपन्यांचे प्रेफरन्सही खाली. मग ओरडा झाला, पार्लमेंटच्या ट्रेझरी कमिटीच्या निकी मॉर्गन बाईंनी त्यात लक्ष घातलं, आणि २३ मार्चला अविवाने सांगितलं, राहू दे, आम्ही रद्द करणार नाही. पंधरा दिवसांत! मग पंधरा दिवसांपूर्वी कोणाच्या डोक्याने बोलला होतात?

मधल्या काळात भीतीने विकून बसलेल्यांसाठी ३० एप्रिलला सद्भावना म्हणून १ कोटी ४० लाख पौंडांच्या आसपास देऊ केले. सद्भावना! पाय तुडवायचा आणि वर मलमाची डबी देताना उपकाराचा आव.

माझ्याकडे अविवाचे नाहीत. दुसऱ्या एका कंपनीचे आहेत, तसेच, न सोडवायचे. नाव घेत नाही. म्हणून फोन केला, तुमचा असा काही विचार नाही ना? चाळीस मिनिटं सतार वाजवल्यासारखं काहीतरी ऐकलं. मग एक पोरगं आलं, त्याला प्रेफरन्स शेअर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. म्हणालं, मॅडम, तुमची पसंती कशाला आहे ते सांगा, मी नोंदवून घेतो. पसंती! मी म्हटलं, बाळा, माझी पसंती तुझ्या साहेबाशी बोलायला आहे. साहेब जेवायला गेलेले. शेवटी लेखी विचारलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, असा कोणताही बेत सध्या नाही.

सध्या.

आमचे हे म्हणतात, नाही म्हणालेत ना, मग झोप आता. आयुष्यभर फार्मसीत बसून औषधाच्या डबीवरचा बारीक मजकूर लोकांना वाचून दाखवला मी. 'सध्या' हा शब्द मला कळत नाही होय? सोमवारी परत फोन लावणार आहे. साहेबांच्या जेवणाची वेळ सोडून.