ईयोबाचे बेचाळीस अध्याय आणि माझी एक ओळ

जय ख्रिस्त, ताई.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि उत्तर आज गुरुवारी लिहितेय. मधले दोन दिवस नुसती चिडले होते. तिसऱ्या दिवशी माझाच लेख पुन्हा उघडून वाचला, तेव्हा राग उतरला.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ह्यांच्या आजारपणातही मी दुसऱ्यांसाठी प्रार्थना आणि सेवा कशी चालू ठेवली, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की आई जाऊन आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी तुम्हाला सांगितलं, "दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायला लागा, बरं वाटेल." माझा लेख तुम्हाला त्याच बाईंच्या तोंडचा वाटला. ही सेवा नसून पळवाट आहे, आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण देऊन साध्या बायकांना लाजवू नये, असंही तुम्ही लिहिलंत. शेवटी, "माझ्यासाठी प्रार्थना करते असं उत्तर कृपा करून देऊ नका."

आधी बायबलमधल्या ईयोबाचं बघू, ज्याची मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेलं, कारण तिथे मी सरळसरळ चुकले. ईयोबानं मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा परमेश्वरानं त्याची दशा पालटली, ही बेचाळिसाव्या अध्यायातली ओळ मी दिली होती. तिचा अर्थ लावला तो असा की तू दुसऱ्याचं माग, तुझंही होऊन जाईल. बेचाळीस अध्यायांचं पुस्तक, आणि मी शेवटच्या पानावरची एक ओळ उचलून आणली! तिसऱ्या अध्यायातच हा माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे कितीतरी अध्याय तो देवाशी भांडतो, जाब विचारतो. मित्र मात्र देवाची बाजू घेऊन अगदी शास्त्राला धरून बोलत असतात. आणि शेवटी देव निकाल देतो तो मित्रांविरुद्ध: माझ्याविषयी ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आल्यावर पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, एक शब्द न बोलता. तेवढंच काय ते त्यांना जमलं होतं. ईयोबानं प्रार्थना केली ती ह्या उपदेश करणाऱ्यांसाठी. त्या बाई या गोष्टीत ईयोबाच्या जागी नाहीत, मित्रांच्या जागी आहेत. तो लेख लिहिताना मीही तिथंच बसले होते.

पळवाटेचं मात्र सगळं मान्य नाही.

ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार तास मशीन चालतं आणि मी बाहेरच्या बाकावर बसते, आत्ताही तिथूनच लिहितेय. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको पारनेरकडची. उपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारी फुले योजनेचे कागद तिला कळेनात. मी तिच्या रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स काढून आणली, फॉर्म भरला, तिनं अंगठा केला. त्या वेळी मी प्रार्थना वगैरे काही केली नाही. अंगठ्याची शाई पुसायला तिला काही मिळेना, म्हणून तिनं ती चपलेच्या पट्ट्याला पुसली. रात्री डोळ्यांपुढून तो अंगठा हलेना, म्हणून तिचं नाव प्रार्थनेच्या वहीत लिहिलं. बरं वाटलं का? नाही. आधी एका घराची काळजी होती, आता दोन घरांची झाली. दुसऱ्यासाठी प्रार्थना हे औषध आहे असं जे सांगतात, त्यांनी ती मनापासून केली असेल असं मला वाटत नाही. ते ओझंच असतं. फक्त ते उचलताना आपण एकटे नसतो, इतकंच मी म्हणू शकते.

पण एक बुधवार मी लेखातून गाळला होता, तो आता सांगते. ह्यांना दुपारपासून बरं वाटत नव्हतं. तरी मी दुसऱ्या एकीच्या घरी घरसभेला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला गेले, कारण "मी नाही गेले तर कोण चालवणार?" परत आले तेव्हा ह्यांना हुडहुडी भरली होती आणि मुलगी एकटीच अंगावर चादरीवर चादर टाकत होती. तिची दहावी होती त्या वर्षी. ती काही बोलली नाही, पुस्तक उचलून आत गेली. त्या दिवशी मी सेवेला गेले नव्हते, घरातून निघून गेले होते. पळवाट म्हणालात ती ही, आणि ती तुम्ही माझ्याआधी ओळखलीत.

आता रमाबाई. त्यांना सोडायला मी तयार नाही, पण मी त्यांना अर्धंच सांगितलं. दुष्काळात भटकताना त्यांनी आईवडील गमावले, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. म्हणून 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली त्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या, तेव्हा त्या काही दुःख विसरायला गेल्या नव्हत्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, त्या मुली त्यांना चेहऱ्यावरूनच कळल्या असतील. 1921 च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकूही नीट येत नव्हतं, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. मी लेखात इथेच थांबले होते. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती शेकडो बाया आणि मुली होत्या, छापखानासुद्धा त्या बायाच चालवायच्या, हे लिहायचं राहिलं. तुम्ही आईमागे एकट्या घरात बसला होतात. ही तुलना मी करायलाच नको होती.

आणखी एक राहिलं होतं. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनं शिष्यांना कुठलीही सेवा सांगितली नाही. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच मागितलं. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. माझ्याकडे ह्यांच्या आजारपणाच्या पहिल्या महिन्यात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या आजी रोज भाकऱ्या आणून ठेवायच्या. बोलायच्या नाहीत, बसायच्याही नाहीत. फडकं नेहमी तेच, निळ्या चौकटीचं. मी लेखभर माझी सेवा सांगितली आणि त्या आजींना एक ओळही दिली नाही.

तुम्ही नको म्हणालात, ते वाक्य मी लिहीत नाहीये. ईयोबाची ती ओळ लेखातून काढलेली नाही, कारण चूक पुसून टाकायला मन धजत नाही. तिच्याखाली तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत जोडलंय. आईचा उल्लेख तिथे नको असेल तर कळवा, लगेच काढते.

आत मशीन वाजायला लागलंय, म्हणजे चार तास झाले. सुया काढल्यावर हात दहा मिनिटं दाबून धरावा लागतो, ते काम माझं.