आधी करवत, मग कागद

"आम्ही विकासाच्या विरोधात नाही, पण..." अशी प्रस्तावना करायची आपल्याकडे रीत पडली आहे. मी ती करणार नाही. इंदूरमध्ये रामबागेकडच्या त्या जुन्या बंगल्याच्या आवारात दुकानं आणि फ्लॅटचं जे कॉम्प्लेक्स उभं राहू घातलंय, त्याला माझा विरोध आहे. नकाशा मी पाहिलेला नाही, त्यात कदाचित फार सुंदर बाल्कन्याही असतील. काम ज्या पद्धतीने सुरू झालं तेवढं मला पुरेसं आहे.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी चारी बाजूंनी पत्रे ठोकले गेले आणि शनिवारी सकाळपासून आत यांत्रिक करवत सुरू. आम्ही दोघं-तिघं गेटवर गेलो तर सुपरवायझर अगदी गोड आवाजात म्हणाला, "भिया, परमिशन है अपने पास." दाखवा म्हटलं तर, "ऑफिस में है." आणि ऑफिस सोमवारी उघडणार! सोमवारपर्यंत दारापाशीची चिंच, मागचे दोन कडुनिंब आणि जांभूळ आडवे झाले, लाकूड ट्रॉलीतून रवाना झालं, आणि उरलेल्या बुंध्यांवर मुरूम पसरला गेला. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून पाहिलं, त्यांचा प्रश्न साधा होता : परवानगी आहे ना, मग झाकताय कशाला? तो कागद अजूनही कोणी दाखवलेला नाही.

आपल्यातलेच कितीतरी जण म्हणतात, "अहो, जागा त्यांची, झाडं त्यांची." असं नाहीये. 'मध्य प्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम' हा कायदा २००१ सालचा आहे. त्यानुसार शहरातलं झाड, मग ते खासगी आवारात का असेना, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. जमीन विकत घेतली म्हणजे चिंचेला करवत लावायचा हक्क खरेदीखतात आपोआप येत नाही.

ही परवानगी म्हणजे नुसता शिक्का असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर मोजतात. म्हणजे मोजणाऱ्याला झाड उभं लागतं. जात कोणती, घेर किती, खोड पोकळ आहे की निरोगी, इमारतीचा नकाशा चार हात सरकवून ते वाचतं का, हे सगळं उभ्या झाडापाशीच कळतं. जमिनीलगत कापून वर मुरूम टाकला की ही सगळी माहिती गेली. मग अहवालात 'झाडी-झुडपांची सफाई' एवढंच येतं आणि त्याला खोटं ठरवायला काही उरत नाही. नंतर आणलेली परवानगी म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसणं. छत्तीस गुण जुळणारच!

आता ठेकेदाराचा माणूस सांगतोय, "एक के बदले दस लगा देंगे." रोपांचा आकडा ऐकला की आपण इंदूरवाले जरा विरघळतोच. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावून आपण गिनीज बुकात गेलो. लावा, जरूर लावा. पण टेकडीवरचं हातभर रोप रामबागेतल्या भर दुपारच्या रस्त्यावर सावली टाकत नाही. आणि पोपटाला घरट्यासाठी ढोली लागते, ती जुन्या खोडातच होते. रीगल चौकाजवळच्या राणी सरायच्या आवारातल्या झाडांवर संध्याकाळी पोपटांचा काय कल्ला असतो, हे तिथून जाणाऱ्या कोणालाही विचारा. मेट्रो स्टेशनसाठी ती झाडं जाणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले ते उगाच नाही.

दुसरं गाजर म्हणजे 'ट्रान्सप्लांट'. वड-पिंपळ फांदीपासूनसुद्धा जगतात, त्यांचं एक वेळ जमून जाईल. कडुनिंबाचं आणि चिंचेचं सोटमूळ खोल जातं. अशी मोठी झाडं हलवायची तर आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं छाटत, मातीचा गोळा सांभाळत काम करावं लागतं, आणि तरी खात्री नसते. जेसीबीने उपटून दुसऱ्या खड्ड्यात उभं केलेलं खोड हे ट्रान्सप्लांट नसतं. ते फोटोपुरतं उभं असतं.

विरोधी बाजूचा एकच मुद्दा मला जड जातो, तो हुकुमचंद मिलचा, म्हणजे इथल्या जुन्या कापड गिरणीचा. मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगार बत्तीस वर्षं थकबाकीसाठी लढले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये सुटले. ते पैसे जमिनीच्या व्यवहारातूनच उभे राहिले. मधल्या काळात त्या ओसाड जागेत रान माजलं, दाट झाडी झाली, आणि आता ती वाचवायला माणसं भांडतायत. तिथे दोन्हीकडे वजन आहे. ज्या घराने तीस वर्षं वाट पाहिली त्यांच्यासमोर मला घसा ताणून बोलवणार नाही. पण आमच्या या कॉम्प्लेक्सच्या मागे कोणत्या कामगाराची थकबाकी आहे? तळमजल्यावर शोरूम येणार आहे, एवढंच.

"जाऊ द्या, झालं ते झालं" म्हणणाऱ्यांसाठी वृंदावनचं उदाहरण. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत ४५४ झाडं विनापरवानगी कापली गेली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला, कमी करा म्हणून केलेली विनवणी ऐकली नाही, आणि एवढी हिरवळ पुन्हा उभी राहायला शंभर वर्षं लागतील असं म्हटलं. तिथला कायदा, तिथली हद्द वेगळी, मान्य. पण झाड तोडून झालं म्हणून प्रकरण मिटत नाही, एवढं तर त्यातून दिसतं.

जाता जाता, पॅट्रिक गेडिस हा नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आला होता. १९१८ मध्ये त्याने इंदूरचा अहवाल दिला. गल्लीबोळ पायी हिंडायचे आणि कमीत कमी पाडापाडीत शहर सुधारायचं, ही त्याची पद्धत. शंभर वर्षांपूर्वी जे सुचत होतं ते आपल्याला ड्रोन सर्व्हे करूनही सुचत नाही, काय बोलायचं.

मागण्या दोनच आहेत. मुरूम काढून बुंध्यांचा पंचनामा लोकांसमोर व्हावा. आणि तो होऊन उरलेल्या झाडांची मोजणी पूर्ण होईपर्यंत काम बंद राहावं. अर्ज तयार आहे, निगमात (महापालिकेत) आणि पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) बुधवारी सकाळी देणार आहोत. माहिती अधिकाराचा वेगळा.

तुमच्याकडून एक काम हवंय. त्या आवारात पूर्वी मुंजी झाल्यात, हळदीकुंकू झालंय, गणपती बसलेत. घरातले अल्बम काढा. ज्या फोटोंमध्ये मागे चिंच, कडुनिंब किंवा जांभूळ दिसत असेल, त्यांचे फोटो काढून मला इनबॉक्स करा, साल आठवत असेल तर तेही लिहा. खोडाशेजारी माणूस उभा असेल तर सोन्याहून पिवळं, घेराचा अंदाज बांधता येतो. धूसर असले तरी चालतील. मंगळवार रात्रीपर्यंत आले तर प्रिंट काढून अर्जाला जोडता येतील.