जॉन ऑफ गाँट आणि तो कसायाच्या पोराचा मेसेज

लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँटवरचा तो लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हा गडी इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डचा मुलगाच नव्हता, आजच्या बेल्जियममधल्या घेंटच्या एका कसायाचा होता, जन्मभर पुतण्याच्या गादीवर टपून बसला, आणि ठेवलेल्या बाईची पोरं म्हणून त्याच्या वंशातले ट्यूडर राजेही बोगस.

कसायाचं आधी. जॉन जन्मला १३४० मध्ये घेंटला. मग ही कंडी कधी पिकली, तर १३७६ च्या सुमारास, म्हणजे पोरगं छत्तीस वर्षांचं झाल्यावर! त्याची आई राणी फिलिपाने म्हणे मरताना बिशपजवळ कबुली दिली. राणी वारली १३६९ ला आणि ज्या बिशपच्या नावावर हे खपवलं त्या विल्यम ऑफ विकमशी १३७६ ला जॉनचं जोरात वाजलेलं होतं, त्यामुळे ही पुडी कोणाच्या कामाची होती ते काही वेगळं सांगायला नको.

गादीचं. १३७६ ला थोरला भाऊ ब्लॅक प्रिन्स गेला, १३७७ ला बाप गेला, वारस म्हणजे ब्लॅक प्रिन्सचा मुलगा रिचर्ड, दहा वर्षांचा. सासऱ्याकडून आलेल्या लँकेस्टरच्या जहागिरीमुळे देशात राजाखालोखाल पैसा आणि माणसं कोणाकडे, तर ह्याच्याकडे. बळकवायची तर ह्याहून बरी वेळ कुठली? ह्याने काय केलं, तर पुतण्याच्या राज्याभिषेकाची व्यवस्था बघितली. लोकांचा विश्वास नव्हता हे खरं. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लंडनमधला त्याचा सॅव्हॉय राजवाडा जाळला, तेही लुटायला नाही हं, लुटायची बंदीच होती, चांदी लपवून नेणाऱ्या एकाला चांदीसकट आगीत टाकल्याचं तेव्हाच्या बखरकारांनी लिहिलंय, आणि ड्यूक हाती लागला नाही म्हणून त्याचा अंगरखा भाल्यावर लटकवून त्यावर बाण मारले. तो स्वतः तेव्हा उत्तरेत स्कॉटलंडशी बोलणी करत होता.

मुकुटाची हाव होती, पण ती स्पेनमधल्या कॅस्टिलच्या. दुसरी बायको कॉन्स्टन्स तिथल्या मारल्या गेलेल्या राजाची मुलगी, म्हणून १३८६ मध्ये फौज घेऊन स्पेनला गेला आणि शेवटी भरपूर पैसे घेऊन हक्क सोडला. हा तिकडे गेल्यावर इकडे सरदारांनी रिचर्डच्या नाड्या आवळल्या (त्यात ह्याचा मुलगा हेन्रीपण होता, घ्या!) आणि १३८९ ला रिचर्डनेच काकाला परत बोलावून घेतलं. गादीवर टपलेल्याला कोण बोलावतं राव? हेन्रीने पुढे गादी घेतली ती बाप १३९९ च्या फेब्रुवारीत मेल्यावर, रिचर्डने त्याची सगळी वडिलोपार्जित जहागीर जप्त केली तेव्हा.

जाता जाता, स्पेनच्या त्याच स्वारीत जॉनने मुलगी फिलिपा पोर्तुगालच्या राजाला दिली. गोवा जिंकला तेव्हा लिस्बनला गादीवर असलेला मॅन्युएल हा तिच्याकडून जॉनचा खापरपणतू.

आता ट्यूडर. ती ठेवलेली बाई म्हणजे कॅथरीन स्विनफर्ड. तिच्यापासूनची चार मुलं, आडनाव बोफर्ट, लग्नाआधीची, मान्य, आणि ट्यूडर राजे ह्याच बोफर्टांच्या वंशातले. पण १३९६ ला त्याने तिच्याशी रीतसर लग्न केलं, पोपने मान्यता दिली, १३९७ ला पार्लमेंटपुढे मुलं औरस ठरली आणि तेव्हा गादीबाबत काहीही अट नव्हती. "राजपद सोडून" हे शब्द १४०७ ला त्यांच्या सावत्र भावाने, म्हणजे राजा झालेल्या हेन्रीनेच, मागाहून घुसडले, पार्लमेंटने कायदा बदलून नाही, त्यामुळे त्यांचं वजन किती ह्यावर आजही वाद आहे. आणि रक्तच बोगस म्हणायचं तर विरोधी यॉर्क घराण्यातल्या राजा चौथ्या एडवर्डची आणि तिसऱ्या रिचर्डची आई सेसिली ही कॅथरीनच्या मुलीचीच मुलगी, त्यांचं काय करणार? पहिला ट्यूडर राजा सातव्या हेन्रीने तर १४८५ ला बॉसवर्थच्या मैदानात मुकुट मिळवला, नुसत्या वंशावळीवर नाही.

शिव्याच घालायच्या तर १३७३ च्या स्वारीवरून घाला की. कॅलेपासून बोर्दोपर्यंत आख्खा फ्रान्स तुडवत गेला, वाटेत माणसं आणि घोडी उपासमारीने, थंडीने पटापट मेली, आणि हाती एक धड किल्लाही लागला नाही.