नव्व्याण्णव पॉइंट आठ

सिंहस्थाची तारीख काही वर्षं आधी कळते. पोराच्या तापाची काही तास आधीही कळत नाही. रेल्वेचं आरक्षण मात्र 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे दोन महिन्यांनी आपलं सहा वर्षांचं पोर झोपेतून उठून "घसा दुखतोय" म्हणणार नाही, अशी लेखी हमी आपण सकाळी आठच्या ठोक्याला, एका हाताने चहा ढवळत आणि दुसऱ्या हाताने ओटीपी टाकत, देऊन मोकळे होतो.

नाशिककरांचं सुट्टीचं गणित मुळात उलटं. अख्खा देश पंचवटी-त्र्यंबक करायला इथे येतो आणि आम्हाला सुट्टी लागली की नाशिक सोडून कुठेही चालतं. यंदाच्या नाताळात गणपतीपुळे ठरलं होतं. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी, तिथून आरे-वारेच्या रस्त्याने समुद्र बघत बघत पुळं. पनवेलला मेहुणा सहकुटुंब याच गाडीत चढणार. आईला देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा, थोरलीला वाळू, हिला सुट्टी नावाची वस्तू आणि मला सुरमई. धाकट्याला फक्त रेल्वे हवी होती. ती कुठे जाते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आणि शाळेचं गॅदरिंग झालं. त्यात चिरंजीव झाड होते. दुसऱ्या दिवशी झाड तापलं, आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर कळलं की अख्खं जंगलच तापलंय.

कारण सापडलं तरी आमच्या घरी तपास थांबत नाही. आईच्या मते मी त्याला संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेलं, कानाला न बांधता. हिच्या मते आईने त्याला फ्रिजमधलं दही दिलं. थोरलीच्या मते तो नाटक करतोय. डिसेंबरात आम्ही एरवी सकाळी पेपर उघडून निफाडचा पारा किती उतरला ते बघतो. या खेपेला पेपर तसाच पडून होता, घरातला पारा किती चढला ते बघण्यातच सगळे गुंतलेले.

डॉक्टरांकडे रांग होती. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ काश्मीरला निघालेले, त्यांच्या मांडीवरची मुलगी गॉगल लावून खोकत होती. आम्ही एकमेकांकडे पाहून ओळखीचं हसलो. आत डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, काट्यावर उभं केलं. 18 किलो, म्हणून पॅरासिटॅमॉलचं सिरप पाच मिली, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. "व्हायरल आहे, तीन दिवस बघू. आकड्याकडे बघत बसू नका. पाणी पितोय का, शू होतेय का, खेळतोय का, ते बघा."

"आणि डॉक्टर, आमचं जरा गणपतीपुळ्याचं..."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तसं आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पण प्रवास आहे. बघा तुम्ही." एवढं शिकलेला माणूस 'बघा तुम्ही' म्हणतो तेव्हा खरं तर फी आपण घ्यायला हवी.

घरी येऊन आम्ही अर्थातच आकड्याकडेच बघत बसलो. एक थर्मामीटरचा आणि दुसरा रेल्वेचा. तेव्हाचा नियम असा: गाडी सुटण्याच्या 48 तास आधी तिकीट रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी. त्यानंतर 12 तासांपर्यंत भाड्याचा चौथा हिस्सा जाणार, पुढे चार तासांपर्यंत निम्मं भाडं आणि त्याच्या आत सगळंच गंगार्पण. औषधाचं घड्याळ चार तासांचं, रेल्वेचंही शेवटचं घड्याळ चार तासांचं. ही दोन खाती एकमेकांशी बोलून नियम करतात की काय, असा मला दाट संशय आहे.

गाडी अपरात्रीची, म्हणून 48 तासांची मुदतही अपरात्रीच संपणार. मी एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात रेल्वेचं ॲप घेऊन पलंगाच्या कडेला बसलो. आकडा आला 99.8. हा जगातला सर्वांत निरुपयोगी आकडा. 102 आला असता तर रद्द, 98 आला असता तर बॅग भरा. डॉक्टरी हिशेबात ताप 100.4 पासून पुढे, आईच्या हिशेबात 98.6 च्या वर जे काही असेल तो ताप. मी डॉक्टरी पक्षात गेलो. त्या पक्षात पैसे वाचत होते.

पहाटे 102.

यानंतर आमच्या घरी दोन धाकटे राहू लागले. डोसआधीचा धाकटा भिंतीकडे तोंड करून पडलेला, वरणभातालाही नको म्हणणारा. डोसनंतरचा धाकटा पोहण्याचा चष्मा लावून सोफ्यावरून उड्या मारणारा. ही ऑफिसातून यायची ती नेमकी पहिल्याच्या वेळेला. "रद्द कर." मेहुणा व्हिडिओ कॉल करायचा तो दुसऱ्याच्या वेळेला. "काय दाजी, हा तर ठणठणीत आहे! समुद्राच्या हवेने उरलासुरला ताप पळून जाईल." मेहुण्याला एवढी घाई का होती, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

आईने मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट होतीच, हे सिद्ध झालं. झाडाला कोणाची दृष्ट लागते, हे मी विचारलं नाही. समोरच्या काकू चौकशीला आल्या आणि महाबळेश्वरला आजारी पोर घेऊन गेलेल्या कोणाची तरी गोष्ट सांगून गेल्या. संध्याकाळी काका आले. त्यांच्या गोष्टीत पोर महाबळेश्वरला पोचताच बरं झालं होतं. माझ्या मते पोर एकच होतं.

हिने या सगळ्यात तोंडाने काही सांगितलं नाही, पण बॅग भरत राहिली. घरात एवढी चर्चा चालू असताना एखादी व्यक्ती शांतपणे टॉवेल मोजत असेल, तर निर्णय झालेला असतो. फक्त तपशील राहिलेला असतो. तो 12 तासांच्या मुदतीआधी निघाला.

"तू राहतोस की मी राहू?"

"तू जा गं. मी राहतो."

"नको, तू जा. तुझी सुरमई आहे."

"तुझी रजा मंजूर झालीये."

असा उदात्त संवाद चालू असताना थोरली म्हणाली, "बाबांचं तर वर्क फ्रॉम होम आहे." विषय संपला. वर्क फ्रॉम होमचा शोध घरात कोणी राहायचं हे ठरवायलाच लागला असावा. आई म्हणाली, तापातल्या पोराला टाकून मी देवाच्या दारात काय तोंड घेऊन जाऊ? पाचांतली तीन तिकिटं रद्द केली, चौथा हिस्सा रेल्वेला वाहिला. खोलीचा ॲडव्हान्स परत मिळणार नव्हताच.

अपरात्री नाशिकरोडला दोघींना डब्यात बसवून घरी आलो तर धाकटा तापाने फणफणलेला. औषधाच्या कपाटात हात घातला. कपाट रिकामं. औषध, थर्मामीटर, मापाचा कप, काहीच नाही. फोन लावला.

"औषधं कुठेत?"

"निळ्या पाऊचमध्ये."

"आणि पाऊच?"

"माझ्या मांडी..." गाडी कसाऱ्याच्या बोगद्यात शिरली.

घरात उरलं होतं ते सनस्क्रीन आणि फुगवायचं बदक. आईने उलटा हात त्याच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "एकशे एक. थोडा वरच." रात्रभर उघडं असलेलं मेडिकल शोधून मी सिरप आणि नवा थर्मामीटर आणला. 101.2. आईने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. तिच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

धाकटा घाम येऊन झोपला. सकाळी उठून दोन पोळ्या खाल्ल्या आणि रेल्वे कधी येणार म्हणून विचारू लागला. तेवढ्यात हिचा फोन आला, दबक्या आवाजात.

"ऐक, दादाच्या पोराला पनवेलला चढताना ताप होता. कालपासून आहे म्हणे. म्हणून तुला सारखा सांगत होता, समुद्राच्या हवेने पळतो."

"औषध आणलंय त्यांनी?"

"समुद्राची हवा आहे ना! माझ्याकडचं देते, पण आपल्याला पाच मिली 18 किलोला सांगितलंय. ह्याचं वजन दादा बावीस म्हणतो, वहिनी सतरा म्हणते."

मागून मेहुण्याचा आवाज आला, "दाजींना विचार, डॉक्टरला फोन लावतात का?" आमच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायला अजून तासभर होता, आणि ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. चिपळूण गेलं. रत्नागिरीच्या फलाटावर ते रंगीत दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन अजून आहे का, हे आता ती मला, नाशकात बसलेल्याला, विचारत होती.