नुसती टेस्ट पास होऊन काय उपयोग
जहाज किती स्थिर आहे ते तपासणाऱ्या इन्क्लायनिंग टेस्टचं लेखात सांगितलंय ते बरोबरच, डेकवर ठरावीक वजनं आडवी सरकवायची, लंबक किती हलला ते मोजायचं आणि त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य काढायचा, पण खरी गडबड नंतर होते. कोरियाची सेवोल फेरी घ्या ना, जपानहून आणून वर केबिन वाढवल्या, त्याने गुरुत्वमध्य वर गेला, म्हणून माल कमी आणि बॅलास्टचं पाणी (जहाज स्थिर राहावं म्हणून खालच्या टाक्यांत भरतात ते) जास्त ठेवा या अटीवर मंजुरी मिळाली आणि २०१४ ला नेमकं उलटं केलं, माल मंजुरीच्या दुपटीहून जास्त! वळताना कलली ती उठलीच नाही. ३०४ माणसं गेली हो, बरीचशी शाळेतली पोरं. निघण्याआधी बंदरावरच बॅलास्टच्या टाक्या तपासायला हव्यात, कारण पाणी काढून माल भरला की एकूण वजन तेवढंच राहतं, मग लोड लाइन (जहाज किती बुडलंय ते दाखवणारी बाहेरची खूण) बघून काहीच कळत नाही.