पडवीतली कल्हई

गल्लीतली पोट्टी सध्या मला कल्हईवाला म्हणून रायली आहेत, आणि हे सगळं शेजारच्या काकाजींमुळे.

विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून मी घरीच एक सर्किट बोर्ड बनवला. नको तेवढं तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून काढला तेव्हा तांबं मस्त चमकत होतं, पण मग लाइट गेली ती गेलीच, आणि येईपर्यंत तांबं काळवंडलं. आता त्यावर सोल्डर, म्हणजे जोड द्यायला वितळवतात ते कथील-शिसं, धरेच ना, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं नुसतं गोळा होऊन घरंगळायचं. म्हणून बोर्ड घासून, राळेचं फ्लक्स लावून, सगळ्या ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या रेषांवर, कथलाचा पातळ थर चढवत पडवीत बसलो होतो, म्हणजे पुढं गंजायची भानगड नको.

तेवढ्यात काकाजी. दातात काडी, हातात रिकामी पिशवी, म्हणजे वेळच वेळ.

"कल्हई काऊन करून रायला बे?"

"काकाजी, मोटरचं सर्किट आहे."

"त नवसागर टाक ना! नवसागराबिगर कथील धरते का कुठी?"

म्हटलं, भांड्याला ठीक आहे, ते पाण्यात बुडवून धुतात. इथं नवसागर जरासा राहिला तरी ओल धरून हे केसासारखे बारीक ट्रॅक खाऊन टाकतो. काकाजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिमूटभर टाक."

मग पाराखाली भाता लावणारा कल्हईवाला आला, पांढरा धूर आला, कापसाचा बोळा फिरवला की भांडं कसं चांदीवानी व्हायचं ते आलं. "माहं तोंड दिसे त्यात, तोंड!" असं म्हणून त्यांनी माझा गरम बोर्ड धोतराच्या सोग्यानं उचलला, नाकाशी धरला, उन्हात तिरपा केला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला.

"नाही दिसून रायलं."

आणि खाली ठेवून गेले. बरं, बुडवलं की आपोआप कथील चढतं असं टिन क्लोराइड आणि थायोयुरियाचं द्रावण मिळतं ऑनलाइन, पण आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही. 60/40 ची, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिशाची, सोल्डरची तार वितळायला 190 अंश पुरतात, पण 230 च्या जागी 160 व्होल्ट आले की 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्न निम्म्या ताकदीवर येतो, त्यात काय वितळणार, डोकं? थ्री फेज द्यायची ती रात्री, तेव्हा शेतकऱ्यानं झोपायचं की साप तुडवायचे? बिल मात्र वेळेवर येतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या आळीतल्या मावशी पितळी गंज घेऊन हजर. "काकाजी म्हणे तू करते म्हून. दही ठेवाचं हाय, आतून नीट कर."

"मावशी, या तारेत 40 टक्के शिसं असतं. पोटात गेलं तर विष आहे. खायच्या भांड्याला चालत नाही."

"शिसं हाय? मंग त मजबूत राहीन."

गंज ठेवला, "पैशाचं घरच्यावानी पाह्यजो" म्हणाल्या (म्हणजे फुकट) आणि निघाल्या. बोर्ड मोटरवर लागला, पाणी संपलं की मोटर बरोबर बंद होते, त्याचं एक माणूस नाव काढत नाही. गंजात आईनं कांदे भरलेत. काल काकाजींनी जाता जाता त्यात वाकून पाहिलं.

"नवसागर नसन त मी आणून देऊ का?"