येशू आणि ईसा : फरक फक्त एका शब्दाचा आहे का?

नमस्कार,

येशूबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. तुम्ही मेहनत घेऊन लिहिलं आहे आणि त्यातल्या एका मुद्द्यात माझी चूकही दाखवली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. तुमचं पहिलं म्हणणं असं की, ख्रिस्ती आणि मुसलमान येशूबद्दल जवळजवळ एकच गोष्ट मानतात. कुमारी मातेच्या पोटी जन्म, चमत्कार, स्वर्गात घेतलं जाणं, शेवटच्या काळी परत येणं, सगळं दोन्हीकडे आहे. भांडण उरतं ते ‘देवाचा पुत्र’ या शब्दाचं, आणि तो दर्जाही ३२५ साली निकिया इथल्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला बहाल केला गेला. दुसरं, ‘येशूच्या जागी दुसऱ्याच माणसाला वधस्तंभावर चढवलं असं कुराण सांगतं’ हे माझं वाक्य चूक आहे. आणि तिसरं, असले फरक उगाळत बसल्याने दोन समाजांतली दरी वाढते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कुराणातल्या सूरा (अध्याय) अन्-निसाची १५७वी आयत पुन्हा काढून बसलो. तिथे एवढंच आहे की त्यांनी येशूला ठार मारलं नाही, वधस्तंभावरही दिलं नाही, तर ‘शुब्बिह लहुम’, म्हणजे त्यांना तसं भासवलं गेलं. काय भासलं, कोणाचं रूप कोणावर आलं, याबद्दल आयत काहीही सांगत नाही. क्रियापद कर्मणी आहे आणि कर्ता मोकळाच सोडलेला आहे. ही मोकळी जागा भाष्यकारांनी भरली. ९२३ साली वारलेल्या तबरीने आपल्या भाष्यात जुन्या जाणत्यांची वेगवेगळी मतं एकापाठोपाठ एक नोंदवून ठेवली आहेत. एका मताप्रमाणे सोबतच्या सगळ्याच शिष्यांना ईसांचं (कुराणात येशूचं नाव ईसा आहे) रूप आलं, दुसऱ्या मताप्रमाणे एका शिष्याने आपणहून ते रूप पत्करलं. पुढे फख्रुद्दीन राझी या भाष्यकाराने यावर थेट आक्षेप मांडला : एकाचं रूप असं दुसऱ्यावर टाकलं जात असेल, तर समोर दिसणारा माणूस तोच आहे हे कशाच्या भरवशावर म्हणायचं? राझीने त्याची उत्तरंही दिली, पण आधी अडचण पूर्ण ताकदीने मांडली. मला हे फार मोलाचं वाटतं. भाष्यकारांनी केलेला खुलासा मी कुराणाच्या तोंडी घातला होता. तसं करायला नको होतं.

पण आयत कशीही वाचली, तरी येशूचा वधस्तंभावर मृत्यू झालाच नाही हे जवळजवळ सगळ्या मुस्लिम परंपरेने धरून ठेवलं आहे. आणि नेमकी हीच घटना काढून घेतली तर ख्रिस्ती श्रद्धेत काही उरत नाही. हे मी पदरचं सांगत नाही. ‘ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे’ असं पौलानेच करिंथच्या मंडळीला लिहिलं, येशूच्या मृत्यूनंतर जेमतेम पंचवीस वर्षांत. मार्कचं शुभवर्तमान हातात घेऊन बघा. सोळा अध्यायांपैकी शेवटचे सहा अध्याय एकाच आठवड्यावर खर्ची पडले आहेत. बाकीचं आयुष्य भराभर पुढे जातं आणि त्या आठवड्यात येऊन कथा अगदी हळू होते. पहाटेचा कोंबडा आरवलेलासुद्धा टिपला जातो. लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं ते या मांडणीतच दिसतं. म्हणून ‘बाकी सगळं सारखं, एक शब्द वेगळा’ हे मला पटत नाही. जे एका धर्माचं केंद्र आहे तेच दुसरा धर्म ‘घडलं नाही’ म्हणतो.

आता निकिया. ही समजूत इतकी पसरली आहे की तिच्यावर थोडं थांबतो. येशू माणूस की देव, असं मतदान तिथे झालंच नाही. वाद आरियस हा ख्रिस्ती धर्मगुरू आणि त्याच्या विरोधकांत होता, आणि आरियससुद्धा येशूला साधा माणूस मानत नव्हता. त्याच्या मते पुत्र हा सगळ्या सृष्टीच्या आधीचा, ज्याच्याद्वारे सृष्टी झाली असा, पण तरीही निर्माण केलेला. ‘असा एक काळ होता जेव्हा पुत्र नव्हता’ हे त्याचं म्हणणं परिषदेने नाकारलं आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असा शब्द मतांगिकारात (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) घातला. तो ग्रीक शब्द बायबलमध्ये नाही, त्यामुळे अनेक बिशपांना तो जडही गेला आणि पुढची पन्नास वर्षं त्यावर रणं माजली. निकियात काहीच ठरलं नाही असं मी म्हणत नाही. ठरलं ते पुत्रत्वाचं नेमकं स्वरूप. येशूची उपासना मात्र कितीतरी आधीपासून चालू होती.

याचा पुरावा ख्रिस्ती नसलेल्या, किंबहुना ख्रिस्त्यांना शिक्षा देणाऱ्या माणसाच्या हातचा आहे. ११२ सालच्या आसपास बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्रांताचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. या लोकांचं करायचं काय, असं विचारणारं. दोन दासींचा छळ करून त्याने माहिती काढली होती. त्यांना मंडळीत सेविका म्हणत, असंही तो नोंदवतो. आणि ज्यांनी आपण पूर्वी ख्रिस्ती होतो अशी कबुली दिली त्यांनी त्याला सांगितलं, आम्ही ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीने म्हणायचो. हे परिषदेच्या दोनशे वर्षं आधीचं. आणि निकिया हे शहर याच बिथिनियातलं. जिथे दोन शतकांनी बिशप जमणार होते, त्याच मुलखात दासी आणि साधी माणसं अंधारात हे स्तोत्र गात होती. परिषदेने येशूला देव केलं, हे या पत्रापुढे टिकत नाही.

‘पुत्र’ या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कुराण विचारतं की ज्याला सहचारिणी नाही त्याला पुत्र कसा असेल? त्या अर्थाचा पुत्र कोणताही चर्च मानत नाही. सूरा अल्-माइदामध्ये अल्लाह ईसांना विचारतो, ‘मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का?’ मरियेला त्रैक्यात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, या सिद्धांतात) जागा देणारा सिद्धांत कोणत्याही मुख्य चर्चने मांडलेला नाही. इथपर्यंत दोघांचं बोलणं एकमेकांना भिडतच नाही, असं म्हणता येईल. पण म्हणून सगळाच गैरसमज, असं नव्हे. नवव्या शतकात अबू ईसा अल्-वर्राक या मुस्लिम जगातल्या विचारवंताने नेस्टोरियन, याकोबी आणि मेल्काईट या तिन्ही ख्रिस्ती पंथांची मतं बारकाव्यांसह, प्रामाणिकपणे मांडली आणि मगच त्रैक्याचं खंडन केलं. नीट समजून घेऊनही नकार देणारे होते. ‘त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही’ हे सूरा इख्लासचं वाक्य जीवशास्त्राबद्दल नाही. देवाचं एकपण कशानेही भागलं जाता कामा नये, ही तौहीदची अट त्यात आहे.

‘शब्द’ या उपाधीचंही तसंच. कुराण ईसांना ‘अल्लाहकडचा शब्द’ म्हणतं आणि योहानचं शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असं सुरू होतं, म्हणजे एकच झालं, असं तुम्ही लिहिलंत. उपाधी एक आहे, आशय वेगळा. मुस्लिम भाष्यकार म्हणतात, देवाने ‘हो’ (म्हणजे ‘अस्तित्वात ये’) म्हटलं आणि बापाशिवाय ईसा झाले, म्हणून ते शब्द. कुराणच ईसांची उपमा आदमशी देतं : मातीपासून घडवला, ‘हो’ म्हटलं, झाला. योहानचा शब्द मात्र कधी झालेलाच नाही, तो देवाबरोबर होता आणि देव होता. पुढे ‘शब्द देही झाला’. खरं साम्य हवं असेल तर ते येशू आणि मुहंमद पैगंबरांत शोधू नका, येशू आणि कुराणात शोधा. ख्रिस्त्यांसाठी देवाचं अनादि वचन माणूस होऊन आलं, मुसलमानांसाठी ते ग्रंथ होऊन उतरलं. कुराण निर्मित की अनिर्मित या वादात अहमद इब्न हंबल यांनी तुरुंग आणि फटके सोसले, पण ते निर्मित आहे असं म्हणायला नकार दिला. आरियसचा विरोधक अथनासियस, पुत्र निर्माण केलेला नाही असं जे सांगत होता, त्याची आठवण इथे मला नेहमी होते.

परत येण्याबद्दल थोडंच. दोघेही वाट पाहतात हे खरं. पण बुखारींच्या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या वचनाप्रमाणे) मरियमचे पुत्र उतरतील तेव्हा ते क्रूस मोडतील. ख्रिस्ती मतांगिकारात तोच क्रूसावर मेलेला आणि उठलेला प्रभू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येतो. एकाच घटनेची वाट पाहणारे दोघे तिच्याकडून अगदी उलट अपेक्षा करतात.

मग मुळात फरक कुठे आहे? मला अनेक वर्षांच्या वाचनानंतर असं वाटतं की तो देवाला काय शोभतं या प्रश्नात आहे. कुराण म्हणतं, कोणी दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. आदम चुकला, त्याने क्षमा मागितली, देवाने ती केली, विषय संपला. क्षमेसाठी कोणाला मरावं लागत नाही. आणि आपला मसीह अपमानाने टांगला जाताना देव नुसता पाहत राहील, हे मुस्लिम मनाला देवाबद्दलच्या आदरापोटीच असह्य होतं. (नबी कधी मारलेच जात नाहीत असं मात्र कुराणाचं म्हणणं नाही. लोकांनी नबींची हत्या केल्याचं ते स्वतःच सांगतं. म्हणून ईसांच्या बाबतीतला हा नकार अधिकच लक्षात राहतो.) ख्रिस्ती माणूस नेमकं उलट म्हणतो. देवाने दुरून क्षमा केली नाही, तो स्वतः त्या जागी गेला. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा मार्कमधला आक्रोश त्याला लाजिरवाणा वाटत नाही. माणसाच्या सगळ्यात एकट्या क्षणीसुद्धा देव सोबत असतो, याची खूण त्याला तिथे मिळते. देवाचा सन्मान राखायचा हे दोघांच्याही मनात आहे, आणि त्यासाठीच एक जण वधस्तंभ नाकारतो आणि दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकतो.

हे एका शब्दाचं भांडण म्हणून मिटवलं तर दोघांवरही अन्याय होतो. त्यांनी ज्यासाठी छळ सोसला, ते त्यांना नीट कळलंच नव्हतं असं म्हटल्यासारखं होतं.

आणि दरीबद्दल. जेरुसलेममधल्या कुब्बत अस्-सख्रा या घुमटाच्या इस्लामी वास्तूच्या आत, अष्टकोनी कमानींच्या वर सोनेरी मोझेकमध्ये एक लांब लेख आहे. खलिफा अब्द अल्-मलिकच्या काळचा, हिजरी ७२, म्हणजे ६९१-९२ सालचा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ते चर्च आहे, जिथे ख्रिस्ती लोक येशूची कबर आणि पुनरुत्थानाची जागा मानतात. लेखात ख्रिस्त्यांना उद्देशून बजावलं आहे : धर्मात अतिरेक करू नका, ‘तीन’ म्हणू नका. आणि त्याच ओळींच्या सोबतीला एक प्रार्थना आहे : हे अल्लाह, तुझा रसूल (प्रेषित) आणि तुझा सेवक, मरियमचा पुत्र ईसा याच्यावर कृपा कर. ठाम नकार आणि प्रार्थना एकाच पट्टीत, एकाच अक्षरवळणात. हा मजकूर वाचताना प्रत्येक वेळी मी गलबलतो.

पुढे शंभरएक वर्षांनी, ७८१च्या सुमारास, बगदादमध्ये खलिफा अल्-महदी आणि पूर्वेच्या चर्चचा प्रमुख तिमथी यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. तिचा वृत्तांत तिमथीने सिरियाक भाषेत लिहून ठेवला आहे. देवाला पुत्र कसा, मेला तो कोण, हे सगळे प्रश्न खलिफाने आडपडदा न ठेवता विचारले. शेवटाकडे तिमथी एक दृष्टान्त देतो. रात्री अंधाऱ्या घरात एक मोती पडला. सगळे चाचपडू लागले. एकाच्या हाती मोती लागला, इतरांच्या हाती काचेचे आणि दगडाचे तुकडे, पण प्रत्येकाला वाटतं मोती आपल्याकडेच आहे. उजाडलं की कळेल. आपल्याकडेच मोती आहे अशी तिमथीची खात्री होती आणि तसं त्याने खलिफासमोर बोलूनही दाखवलं. मोती आपल्याच हाती आहे अशी आशा खलिफानेही बोलून दाखवली. कोणीही फरक झाकला नाही, आणि तरी दोन दिवस बोलणं चाललं. मी लिहितो ते अशा बोलण्यासाठी. तुम्हाला माझ्या लेखात दरी दिसली असेल, तर माझा सूर कुठे कठोर झाला ते जरूर सांगा. फरक मात्र मी सांगत राहीन.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. ते आता असं आहे : ‘येशूला ठार केलं गेलं नाही, वधस्तंभावर दिलं गेलं नाही, लोकांना तसं भासवलं गेलं, असं कुराण म्हणतं, त्याच्या जागी दुसरा कोणी होता हा खुलासा नंतरच्या भाष्यकारांचा आहे.’ खाली दुरुस्तीची तारीख घातली आहे आणि चूक एका वाचकाने दाखवली हेही लिहिलं आहे. हा शब्दप्रयोग अजूनही आयतीला सोडून जातो असं वाटलं, तर कृपया पुन्हा लिहा.